छातीतले बलुते : धूळ, मरण आणि दलित आत्मकथनाची समीक्षा

१

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘वेदना’ हा शब्द आपण इतक्यांदा वापरला आहे की तो आता गुळगुळीत झाला आहे. वेदना, विद्रोह आणि नकार या तीन खुंट्यांवर कोणतेही पुस्तक टांगता येते. विद्यार्थी परीक्षेत तेच लिहितो, परीक्षक त्याला गुण देतो, आणि पुस्तक जिथल्या तिथे राहते. वेदना कोणत्या अवयवाची, ती अंगात केव्हा शिरली, बाहेर केव्हा पडली, तिची नोंद कोणाच्या दप्तरी झाली, हे प्रश्न समीक्षेचे नव्हेत अशी आपली समजूत आहे. हे प्रश्न समीक्षेचेच आहेत, असे मला प्रस्तुत लेखात म्हणायचे आहे. आणि ते एका रोगाच्या निमित्ताने म्हणायचे आहे. त्या रोगाचे नाव मेसोथेलिओमा. अॅस्बेस्टॉसच्या धुळीत वावरलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या अस्तराला होणारा हा कर्करोग आहे.

अत्याचाराला तारीख असते, शिवार असते, आरोपी असतो. आमच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) कार्यकर्त्याला सोनई म्हटले की जानेवारी २०१३ आठवतो, खर्डा म्हटले की एप्रिल २०१४, जवखेडे खालसा म्हटले की त्याच वर्षाचा ऑक्टोबर. तारीख असते म्हणून मोर्चा निघतो, खटला उभा राहतो, कवीला कविता सुचते. पण एक मरण असे आहे की त्याला तारीख नाही. ते ज्या दिवशी अंगात शिरते त्या दिवशी माणूस हसत घरी येतो, पगार बायकोच्या हातावर ठेवतो. त्यानंतर तीस-चाळीस वर्षे काहीच होत नाही. मग एके दिवशी म्हाताऱ्याला दम लागतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. या मरणाला आरोपी नाही, पंचनामा नाही, म्हणून त्याची कविताही नाही. असे मरण आपल्या साहित्यात कुठे आहे, आणि नसेल तर का नाही, हा माझा प्रश्न आहे.

२

प्रश्न नीट समजण्यासाठी रोगाची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. अॅस्बेस्टॉस हा जमिनीतून खणून काढलेला दगडच. पण ठेचला की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत. त्यांची दोरी वळता येते, कापड विणता येते, सिमेंटमध्ये कालवून पत्रा करता येतो. बॉयलर, वाफेच्या नळ्या, जहाजाचे इंजिनघर, मोटारीचा ब्रेक, अशा विसाव्या शतकातल्या तापणाऱ्या बहुतेक जागी तो होता. कापताना, फोडताना, झाडताना त्याचे तंतू इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत. ते श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच राहतात. काहींचे फुप्फुस घट्ट होत जाते, त्याला अॅस्बेस्टॉसिस म्हणतात. काहींना फुप्फुसाचा कर्करोग होतो. आणि काहींना मेसोथेलिओमा होतो : छातीत पाणी भरते, एका बाजूला दुखत राहते, वजन उतरते, आणि निदानानंतर रोगी बहुधा वर्ष-दीड वर्षात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निळा, तपकिरी, पांढरा असा सर्वच अॅस्बेस्टॉस माणसाला कर्करोग करणारा ठरवला आहे.

या रोगाच्या दोन गोष्टी साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली त्याचा काळ. धूळ आत गेल्यापासून रोग बाहेर पडेपर्यंत तीस-चाळीस वर्षे जातात. कधी त्याहून अधिक. दुसरी त्याचे सोंग. आपल्या देशात गरिबाच्या छातीत पाणी झाले की डॉक्टर प्रथम क्षय धरतो, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पण जिथे ते बरोबर नसते तिथे माणूस क्षयाच्या गोळ्या खात खात मरतो, आणि दाखल्यावर क्षय राहतो.

हे सोंग उघडे पडले त्याची हकीगत आपण वाचली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे क्षयरोगाचे एक रुग्णालय होते. तिथले डॉ. स्लेग्ज यांच्या लक्षात आले की पश्चिमेकडच्या मुलखातून येणारे काही रोगी क्षयाच्या औषधाला दादच देत नाहीत. तो मुलूख निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणींचा होता. डॉ. वॅग्नर यांनी ऊती तपासल्या आणि १९६० साली वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड यांनी ३३ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत खाणीत राबलेले होते, तसेच खाणीत कधीच न उतरलेलेही होते : घरकाम करणाऱ्या बाया, गुरे राखणारे, खाणीच्या ढिगाऱ्यांवर लहानपणी खेळलेली माणसे. १९६० म्हणजे शार्पव्हिलच्या गोळीबाराचे साल. वर्णद्वेषाच्या राज्यात काळ्या माणसाचे मरण दोन तऱ्हेने चालले होते. एक गोळीने, त्याची तारीख जगाला पाठ आहे. दुसरे धुळीने, आणि ते उघडकीला आले ते कोणीतरी रोग्याला साधे प्रश्न विचारले म्हणून : तू कुठला, आणि पूर्वी काय काम करीत होतास?

हा प्रश्न वैद्यकाचा आहे, पण मला तो साहित्याचाही वाटतो. दलित आत्मकथन दुसरे काय सांगत असते?

३

‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. दया पवार १९३५ साली जन्मले. त्यांचे गाव धामणगाव, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर. या पुस्तकावर त्या वेळी झालेली चर्चा आपल्याला ठाऊक आहे. एका बाजूने म्हटले गेले की लेखकाने घरातली, समाजातली लक्तरे वेशीवर टांगली. दुसऱ्या बाजूने त्याच्या निर्भीड प्रामाणिकपणाचे कौतुक झाले. हे आत्मचरित्र की कादंबरी, दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे लेखकाने का केली, याचा खल झाला. ही सारी चर्चा योग्यच होती. पण तीत एक गोष्ट राहून गेली. या पुस्तकातली माणसे काय काम करतात, याची यादी कोणी केली नाही.

ती करून पाहावी. गावाकडची कामे आपल्या तोंडपाठ आहेत : मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोचवणे, येसकरकी, आणि त्याबद्दल खळ्यावर मिळणारे बलुते. शहरातली कामे मात्र आपण ‘दारिद्र्याचे चित्रण’ म्हणून भरभर वाचून जातो. दगडूचा बाप मुंबईच्या गोदीत कामाला. कावाखान्यातले पुरुष हमाली करणारे, गिरणी-कारखान्यात जाणारे. बाया रस्त्यावरून चिंध्या, कागद, काच, लोखंड, बाटल्या वेचून आणणाऱ्या, त्यांची निवड करून विकणाऱ्या. समीक्षकाला यात वास, घाण, अपमान दिसला. कामगाराच्या छातीचा डॉक्टर हेच पान वाचील तर त्याला आणखी काही दिसेल. त्याला यात माणसाच्या कामाचा इतिहास दिसेल, जो त्याला रुग्णालयाच्या केसपेपरवर कधीच मिळत नाही.

गोदी म्हणजे काय याचा विचार करा. त्या काळच्या वाफेच्या जहाजांतले बॉयलर आणि नळ्या अॅस्बेस्टॉसने मढवलेल्या असत. जहाज दुरुस्तीला लागले की जुना थर फोडून काढायचा, नवा कालवून लिंपायचा. इंजिनघर बंदिस्त, धूळ तिथेच फिरणार. लिंपणारा कारागीर एक, आणि त्याच हवेत रंग खरवडणारा, ओझे वाहणारा, खाली पडलेला चुरा झाडून गोळा करणारे कितीतरी. ब्रिटनच्या ज्या ज्या बंदरांत जहाजे बांधली, दुरुस्त केली गेली, तिथे तिथे मेसोथेलिओमाचे रोगी पुढे मोठ्या संख्येने निघाले. आणि त्यांत अॅस्बेस्टॉसला कधी हात न लावलेले सुतार, रंगारी, वीजकामगार होते. मुंबईच्या गोदीला लागणारी जहाजे निराळ्या पदार्थाची बनलेली नव्हती.

दगडूच्या बापाला हा रोग होता असे मी म्हणत नाही. पुस्तकात तो दारूच्या आहारी गेलेला दिसतो, आणि आत्मकथनातून रोगनिदान करू पाहणे हा समीक्षेचा वेडेपणा होईल. माझे म्हणणे वेगळे आहे. अकोले, संगमनेरकडची माणसे घाट उतरून मुंबईला गेली. दुष्काळाने नेली तशी महारकीच्या जाचानेही नेली. शहराने त्यांना काय दिले, याचे उत्तर आपण ‘मोकळा श्वास’ असे देतो. गावात येसकराची काठी होती, शहरात ती सुटली. हे खरेच आहे आणि मोलाचे आहे. पण श्वास हा शब्द आपण रूपक म्हणून वापरतो तेव्हा तो फुप्फुसाने घ्यावा लागतो हे विसरतो. गावाने बलुते खळ्यावर दिले, ते उष्टे होते पण डोळ्यांना दिसत होते. शहराने काही बलुते छातीत दिले. ते चाळीस वर्षांनी फिटते.

४

येथे आत्मकथनाच्या घाटाचा एक प्रश्न उपस्थित होतो. आपले दलित आत्मकथन बहुधा मुलगा लिहितो, आणि तो चाळिशी-पंचेचाळिशीत लिहितो. ‘बलुतं’ आले तेव्हा दया पवार त्रेचाळीस वर्षांचे होते. कथनाची दिशा ठरलेली असते : गावकुसाबाहेरचे घर, शाळा, बोर्डिंग, नोकरी, चळवळ. बाप आणि आई या प्रवासाच्या आरंभी असतात. मुलगा शिकतो तसतसे कथन त्यांना मागे टाकते. ही मुलाची कृतघ्नता नव्हे. शिक्षणाच्या कथेचा घाटच तसा आहे. परंतु धुळीच्या रोगाचा काळ नेमका उलटा चालतो. कथन जिथे बापाला सोडते तिथून रोगाचा काळ सुरू होतो. पहिल्या प्रकरणात बाप गोदीत जातो. पुस्तकाचे शेवटचे पान उलटल्यावर, कधी पुस्तक छापून झाल्यावर, त्याची छाती भरते. मग ते लिहिणार कोण? कथनाच्या घाटातच एक मरण मावत नाही, हे समीक्षेने ओळखले पाहिजे होते.

या दृष्टीने नरेंद्र जाधव यांचे १९९३ चे ‘आमचा बाप आन् आम्ही’ निराळे ठरते. तिथे बाप मागे पडत नाही. शीर्षकातच तो पहिला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरहून मुंबईला आलेला हा माणूस पोर्ट ट्रस्टमध्ये चतुर्थ श्रेणीत राबला, निवृत्त झाला, आणि मुलाच्या आग्रहाने त्याने आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या. या पुस्तकाचे कौतुक आपण मुलांच्या यशाची कहाणी म्हणून केले. मला त्याचे मोल दुसऱ्याही कारणाने वाटते. बंदरात राबलेला माणूस स्वतःच्या हाताने आपले काम लिहून ठेवतो, ही आपल्या वाङ्मयात फार दुर्मीळ घटना आहे. प्रस्थापित इतिहासाच्या दप्तरात बंदराचे जहाज आहे, मालाचे वजन आहे, कप्तानाचे नाव आहे, हमालाचे नाही. ते आत्मकथनात आहे.

पुरोगामी कामगारकवितेलाही हा प्रश्न चुकत नाही. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) मराठी कवितेत कामगाराला माणूस म्हणून उभे केले, त्याचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्यामागून जी कामगारकविता लिहिली गेली तिने घामाचे काव्य केले. धुळीचे केले नाही. घाम तेजस्वी असतो, कपाळावर चमकतो, क्रांतीच्या प्रतिमेला शोभतो. धूळ शोभत नाही. भोंगा, चिमणी, हातोडा यांच्या प्रतिमांत कामगार नेहमी तरुण आणि पिळदार असतो. खाटेवर उशाला टेकून बसलेला, आडवे झाले की दम कोंडतो म्हणून रात्र बसून काढणारा निवृत्त कामगार त्या कवितेत नाही. बाबूराव बागुल यांनी १९६९ च्या आपल्या कथासंग्रहाला ‘मरण स्वस्त होत आहे’ हे नाव दिले. मरण स्वस्त कसे होते याचा हिशेब मांडायला त्या शीर्षकाने आपल्याला शिकवले. तो हिशेब धुळीपर्यंत नेण्याचे काम पुढच्यांचे होते.

५

हा हिशेब मुंबईत प्रत्यक्ष मांडला गेला आहे, आणि तो साहित्यिकांनी मांडलेला नाही. त्यासाठी आधी इंग्लंडातल्या रॉचडेलला जावे लागेल. तिथे टर्नर ब्रदर्स या अॅस्बेस्टॉसच्या गिरणीत नेली कर्शॉ नावाची कामगार स्त्री होती. ती १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी मेली. तिच्या फुप्फुसात अॅस्बेस्टॉसचे कण सापडले, वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. कंपनीने जबाबदारी नाकारली, भरपाई दिली नाही. हेच घराणे पुढे टर्नर अँड न्यूऑल झाले, आणि मुंबईत घाटकोपरला ब्रेकचे अस्तर बनवणारी हिंदुस्थान फेरोडो ही कंपनी त्याच घराण्याची होती. पुढे तिचे नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झाले.

मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरच्या डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी या कारखान्यातल्या १८१ कायम कामगारांची तपासणी करून २००५ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पाचांत एकाहून अधिक कामगारांना अॅस्बेस्टॉसिस होता. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : देशात सुमारे एक लाख कामगार या धुळीत असल्याचा अंदाज असताना भरपाई मिळालेल्यांची संख्या तिसापेक्षाही कमी. हे असे का, याची त्यांनी दिलेली कारणे समीक्षकाने वाचण्यासारखी आहेत. मालकाच्या पैशाने झालेल्या तपासण्या रोगाचा दाखला देत नाहीत. डॉक्टरांना हे रोग ओळखायला शिकवलेले नसते. रोगाला मुद्दाम क्षय किंवा जुनाट खोकला म्हटले जाते. आणि मध्यमवर्गीय डॉक्टरच्या मनात कामगाराविषयी वर्गीय पूर्वग्रह असतो. हे शेवटचे कारण वाचताना मला मराठी समीक्षेचा जुना वाद आठवला. ज्या अभिरुचीला दलित लेखकाची भाषा शिवराळ वाटली, त्याच अभिरुचीला कामगाराचा खोकला बिडीचा वाटतो. दोन्ही ठिकाणी समोरच्या माणसाची साक्ष आधीच बाद झालेली असते.

घाटकोपर म्हटले की आपल्या वाचकाला ११ जुलै १९९७ आठवतो. माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा जण ठार झाले. दरवर्षी त्या दिवशी आपण तिथे डोके टेकतो आणि ते टेकलेच पाहिजे. पण रेल्वेच्या रुळांच्या एका अंगाला रमाबाई नगर आहे, आणि दुसऱ्या अंगाला तो कारखाना होता. एका बाजूच्या दहा मरणांना नावे आहेत, स्मारक आहे, विलास घोगरे यांच्या आत्महत्येची जखम आहे. दुसऱ्या बाजूच्या श्वासांना फक्त एक वैद्यकीय निबंध आहे, तोही इंग्रजीत. एक मोठे, दुसरे लहान असे मला म्हणायचे नाही. चळवळीची आणि साहित्याची स्मृती तारखेवर चालते, आणि भांडवलदाराला हे आपल्यापेक्षा चांगले कळते, एवढे मला म्हणायचे आहे.

६

कोणी म्हणेल की हा प्रश्न कामगाराचा आहे, जातीचा नव्हे. धूळ जात विचारून छातीत जात नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. धूळ जात विचारत नाही, पण माणसाला धुळीपाशी उभे कोण करते? मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला असे, आणि त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. बाबासाहेबांनी हे युनियनच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे मांडले, आणि जातिव्यवस्था ही श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी आहे हा सिद्धांत १९३६ साली ‘जातिसंहारा’च्या भाषणात त्यांनी सांगितला. त्या सिद्धांताचा शारीरिक अर्थ आपण लावला पाहिजे. श्रमिकांची विभागणी म्हणजे हवेची विभागणी. कोणता माणूस कोणत्या खात्यात उभा राहील हे जात ठरवते, आणि त्या खात्यातली हवा त्याच्या छातीचे पुढे काय व्हायचे ते ठरवते. झाडणे, फोडणे, भंगार निवडणे, ओझे वाहणे ही धुळीची कामे आहेत. आणि ती कोणाच्या वाट्याला आली हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

बाबासाहेबांना कामगाराची छाती माहीत होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. आपण त्यांच्या चरित्रातले हे पान पटकन उलटतो, कारण तिथे सत्याग्रह नाही, धर्मांतर नाही. खाणी आहेत, विमा आहे, कामाचे तास आहेत. दलित समीक्षेने ते पान पुन्हा उघडले पाहिजे.

७

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नगर जिल्हा गोदीचा नाही, साखरेचा आहे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला आणि सहकाराच्या गौरवाचे वाङ्मय निर्माण झाले. पण साखर कारखाना म्हणजे बॉयलर आणि वाफेच्या नळ्या. वाफेवर चालणाऱ्या जुन्या कारखान्यांत नळ्यांवरचे वेष्टण अॅस्बेस्टॉसचे असणे ही जगभरची रीत होती. हंगाम संपला की दुरुस्ती निघते, जुने वेष्टण फोडले जाते, चुरा झाडला जातो. सहकाराच्या गौरवग्रंथांत चेअरमनचा फोटो असतो, झाडणाऱ्याचा नसतो.

आणि पत्रा तर घराघरावर आहे. सिमेंटचा पत्रा म्हणून ज्याला आपण ओळखतो त्यात पांढरा अॅस्बेस्टॉस असतो. शाळेवर तो आहे, समाजमंदिरावर आहे, दलित वस्तीतल्या घरांवर आहे. गरिबाचे स्वस्त छप्पर म्हणून तो विकला जातो. छतावर अखंड आहे तोवर त्याचा धोका कमी. पण तो करवतीने कापला, भोक पाडले, वादळाने फुटला, तुकडे कुटून अंगणात भर म्हणून टाकले, की तंतू सुटतात. हे काम करणाऱ्याला तोंडावर ओला फडका बांधून भागत नाही. पण तेवढेही त्याला कोणी सांगत नाही. कॅनडाने २०१८ साली या पदार्थावर बंदी घातली. त्याआधी वर्षानुवर्षे स्वतः फारसा न वापरता तो आपल्याला विकला. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तो घातक ठरवला, तरी तिथून निर्यात चालू राहिली. युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे. आपल्या देशात नव्या खाणींना परवाने देणे १९८६ पासून थांबले, आयात मात्र चालूच आहे. जो माल त्यांच्या फुप्फुसाला चालत नाही तो आपल्याला चालतो, हा न्याय आपल्याला नवा नाही. पाणवठ्यावर आपण तो शिकलो आहोत.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. अॅस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्याने कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतले जे नंतरचे असेल तोवर जपावी असा आदेश दिला. मला या आदेशातला चाळीस हा आकडा वाङ्मयीन दृष्ट्याही महत्त्वाचा वाटतो. रोगाचा काळ न्यायालयाने ओळखला. पण ही नोंद पटावरच्या कामगाराची. ठेकेदाराने आणलेला, हजेरीपटावर अंगठा नसलेला, हंगाम संपताच गावी परतलेला माणूस कोणत्या नोंदीत सापडणार? त्याची चाळीस वर्षे कोण जपणार?

ती आपल्यालाच जपावी लागतील. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले तेव्हा खेड्यातल्या निरक्षर बायांना, त्यांत दलित बायाही होत्या, त्यांनी आरोग्याच्या कामात तयार केले. रोगाची माहिती गोळा करायला पदवी लागत नाही, विचारण्याची शिस्त लागते, हे आमच्या जिल्ह्यातच सिद्ध झाले आहे. मग साहित्याच्या विद्यार्थ्याने मागे का राहावे? महाविद्यालयांत दलित साहित्यावर प्रकल्प होतात. ‘प्रतिमासृष्टी’ आणि ‘भाषिक वेगळेपण’ यांवर शंभर-शंभर पाने लिहिली जातात. त्यातल्या एका तरी विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातून मुंबईला गेलेल्या, कारखान्यात राबलेल्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन जावे. जे हयात नाहीत त्यांच्या बायकांकडे जावे.

विचारायचे प्रश्न थोडे आहेत. कोणत्या साली, कोणत्या ठिकाणी कामाला लागलात? हाताने नेमके काय करत होतात? शेजारी कोणते काम चाले, धूळ कशाची होती? दम केव्हापासून लागतो, छातीतले पाणी कधी काढले, औषध कशाचे दिले? या उत्तरांचा कागद म्हाताऱ्याच्या हाती द्यावा, म्हणजे तो डॉक्टरपुढे रिकाम्या हाताने बसणार नाही. क्षयाच्या औषधाने गुण येत नसेल तर तो कागद डॉक्टरला दुसऱ्या वाटेने विचार करायला लावील. हीच उत्तरे पुढे वाङ्मय होतील की नाही, ही चिंता आज करण्याचे कारण नाही. ‘बलुतं’देखील आधी एका माणसाची हकीगतच होती.

आणि एक प्रश्न घरातल्या बाईला विचारायचा राहू नये : त्यांचे कामावरचे कपडे कोण झटकत होते, कोण धूत होते? जगात अॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या बायकांना केवळ त्यांचे कपडे धुतल्याने हा रोग झाल्याचे नोंदलेले आहे. आपल्या आत्मकथनांत आई पुष्कळ आहे. कष्टाळू, सोशिक, झिजलेली आई. ती कशाने झिजली हे तिला अजून कोणी विचारलेले नाही.